धुळ्याच्या तुरुंगातले अठरा रविवार



आजचा विषय आहे सुख. पण या मालिकेच्या रिवाजाप्रमाणे सुरुवात इतिहासातूनच करू, आणि तीही सुखाशी अजिबात संबंध नसलेल्या जागेतून. ती जागा म्हणजे तुरुंग.

तारीख आहे २१ फेब्रुवारी १९३२, वार रविवार, ठिकाण धुळे. दीड महिन्यापूर्वी, ४ जानेवारीला, गांधीजींना अटक झाली आहे आणि देशभर धरपकड चालू आहे. धुळ्याच्या तुरुंगात खानदेशातले आणि बाहेरचे बरेच सत्याग्रही येऊन पडले आहेत. त्यांत जमनालाल बजाजांसारखे धनिक आहेत आणि साधे शेतकरीही आहेत. त्या रविवारी हे कैदी एकत्र बसले आणि छत्तीस वर्षांचा एक कृश माणूस त्यांच्यापुढे गीतेच्या पहिल्या अध्यायावर बोलला. पुढच्या रविवारी दुसऱ्या अध्यायावर बोलला. एकही रविवार न चुकता १९ जूनला अठरावा अध्याय पुरा झाला. बोलणारे होते विनोबा भावे. समोर बसून ते सगळं हाताने उतरवून घेत होते बत्तीस वर्षांचे साने गुरुजी. त्यातूनच पुढे ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं आणि भारतातल्या कितीतरी भाषांत गेलं.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ते असेल. बडोद्यात, इंदुरात, हैदराबादेत, बेळगावात, आजी-आजोबांच्या कपाटात, बहुधा वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. आज मला त्या पुस्तकाच्या तत्त्वज्ञानावर फार बोलायचं नाही. मला बोलायचंय ते हे सांगणाऱ्या आणि लिहून घेणाऱ्या दोन माणसांबद्दल, त्यांच्या दोन आयांबद्दल, आणि एका साध्या प्रश्नाबद्दल. रोजच्या लहानसहान सवयी आणि कृतज्ञता यांतून माणसाला टिकाऊ सुख मिळतं असं आज सगळीकडे सांगितलं जातं. या दोघांच्या आयुष्यावरून ते खरं दिसतं का? आणि खरं असेल, तर कुठपर्यंत?

बडोद्यातलं एक स्वयंपाकघर

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५चा, कुलाबा जिल्ह्यातल्या गागोद्याचा. पण वडील नरहरराव बडोद्यात नोकरीला होते, त्यामुळे शाळा-कॉलेजची वर्षं बडोद्यात गेली. म्हणजे महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलांपैकीच ते एक. आई रुक्मिणीबाई. शिक्षण म्हणावं तर जवळजवळ नाहीच. विनोबांनी उतारवयात आपल्या आठवणी सांगितल्या तेव्हा त्यांत आईबद्दल खूप सांगितलं. त्यात चमत्कार नाहीत, मोठे प्रसंग नाहीत. आहेत त्या सवयी.

एक सवय तुळशीची. पोरगं जेवायला बसलं की आई विचारणार, तुळशीला पाणी घातलंस का? नसेल घातलं तर आधी पाणी, मग पान. दुसरी सवय वाटून खाण्याची. दारचा फणस पिकला की पहिले गरे शेजाऱ्यांच्या घरी जायचे. ते पोचवायला मुलांनाच पाठवायचं आणि मग घरच्यांनी खायचं. तिसरी सवय दुपारची. सगळ्यांची जेवणं आटोपली की ती देवापुढे बसायची. पूजा झाली की कान धरून दिवसभरातल्या चुकांची क्षमा मागायची, आणि रोज तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

मला सगळ्यांत आवडते ती तांदळाची गोष्ट. रुक्मिणीबाईंनी एकदा देवाला लाख तांदूळ वाहायचं व्रत धरलं. रोज एकेक दाणा मोजून वाहायच्या. नरहरराव विज्ञानाचे माणूस. ते म्हणाले, एवढं कशाला? तोळाभर तांदूळ मोजून घे, त्यावरून लाख दाण्यांचं वजन काढ, वर अर्धा तोळा जास्त टाक म्हणजे कमी पडायला नको. हिशेबाला कुठेच चूक नाही. आईला उत्तर सुचेना. संध्याकाळी तिने विन्याला विचारलं. मुलगा म्हणाला की हा गणिताचा प्रश्नच नाही. प्रत्येक दाण्याबरोबर मन एकदा देवाकडे जातं, ते वजन करून कसं जाईल? आईने ते नवऱ्याला सांगितलं, आणि मोजणं चालू राहिलं.

आपण देव मानत असू किंवा नसू, ही गोष्ट आपल्या विषयाच्या मुळाशी जाते. सवयीची किंमत बेरजेत नसते. लाख दाणे एकदम ओतले तर काम एका मिनिटात होतं आणि माणूस जसा होता तसाच राहतो. एकेक करून वाहिले की माणूस हळूहळू बदलतो.

अजून एक आठवण. शेजारची बाई आजारी पडली की रुक्मिणीबाई तिच्या घरचा स्वयंपाकही करून द्यायच्या. पण आधी स्वतःच्या घरचा उरकायच्या आणि मग तिकडे जायच्या. विन्याने टोमणा मारला की हा स्वार्थ झाला, आधी आपलं आणि मग परक्यांचं. आईने समजावलं की त्यांचं आधी करून ठेवलं तर जेवायच्या वेळेपर्यंत गार होईल, उशिरा केलं तर त्यांना गरम मिळेल. उपकार करताना समोरच्याच्या पानातलं अन्न गरम आहे की गार, इथपर्यंत तिचं लक्ष होतं.

बारा वर्षांनी फेडलेलं एक मागणं

या आईने मुलाकडे एकदा एक गोष्ट मागितली होती. ती गीतेवरच्या प्रवचनाला जायची, पण संस्कृत कळायचं नाही. तिला मराठीतली गीता हवी होती. विन्याने वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली. तीही तिला जड गेली असावी. मग तू स्वतःच का करत नाहीस, असं तिने मुलालाच विचारलं.

मुलगा तेव्हा ते करू शकला नाही. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईला म्हणून निघाला तो सुरतेला उतरून काशीला गेला. त्याच वर्षी ७ जूनला अहमदाबादेजवळच्या कोचरब आश्रमात गांधीजींना भेटला आणि तिथलाच झाला. ऑक्टोबर १९१८ मध्ये, इन्फ्लुएंझाच्या साथीत, आई गेली. मागणं तसंच राहिलं.

७ ऑक्टोबर १९३० रोजी पहाटे पाच वाजता वर्ध्याला विनोबांनी गीतेचं मराठी समश्लोकी भाषांतर लिहायला घेतलं. ६ फेब्रुवारी १९३१ला ते संपवलं. चार महिने, नेमाने. नाव ठेवलं ‘गीताई’. गीता हीच आई. आणि या ‘गीताई’ची पहिली आवृत्ती १९३२ मध्ये छापली गेली ती धुळ्यातच, विनोबा तिथल्या तुरुंगात असताना. म्हणजे ज्या काळात ते दर रविवारी कैद्यांना गीता सांगत होते, त्याच काळात त्याच गावात, आईने मागितलेली गीता छापखान्यात होती. जिच्यासाठी लिहिली ती वाचायला नव्हती. ती गेल्याला बारा वर्षं उलटल्यावर लेखन सुरू झालं होतं, आणि पुस्तक हातात आलं तेव्हा जवळजवळ चौदा.

इथे थोडं थांबून आपल्या भाषेकडे बघू. कृतज्ञता या शब्दाचा अर्थ केलेलं जाणणं. ‘आभार’ या शब्दात तर भारच आहे, ओझं. आणि मराठीत या ओझ्याचं आपण काय करतो? उपकार फेडतो. ऋण फेडतो. आईबापांचे पांग फेडतो. कुणाचे तरी उतराई होतो. आपले सगळे वाक्प्रचार देण्याघेण्याचे, फेडण्याचे आहेत. जुन्या मराठी घरात आईने वाढलेल्या भाकरीला कोणी ‘थँक्यू’ म्हणत नसे. म्हटलं असतं तर तिला ते परकं वाटलं असतं. याचा अर्थ कृतज्ञता नव्हती असा नाही. ती तोंडाने बोलून संपवण्याची गोष्ट नव्हती, कधीतरी हाताने काही करून दाखवण्याची गोष्ट होती. त्यात एक तोटाही होता. पुष्कळ आयांना आयुष्यभर कोणी चांगला शब्दसुद्धा ऐकवला नाही आणि फेडायचंही राहूनच गेलं. तेव्हा शब्दाने आभार मानावेत, जरूर मानावेत. पण आपली भाषा आपल्याला आठवण करून देते की शब्दानंतर अजून काहीतरी करायचं उरतं.

१२ जूनचा रविवार

आता परत धुळ्याला जाऊ. तुरुंगात राजबंद्यांपुढे एक प्रश्न होता. सरकारने लादलेलं दळणाचं काम करायचं का? अनेकांचं म्हणणं पडलं की आम्ही काही चोर-दरोडेखोर नाही, आम्ही का दळावं? विनोबांचं मत वेगळं होतं. जे खातो त्यासाठी श्रम करायला हवेत, तुरुंग असो की आश्रम. ते स्वतः दळायला बसले. त्यांच्यामागून इतर बसले. स्वयंपाकघराचं कामही सत्याग्रह्यांनी हातात घेतलं. शिक्षा म्हणून दिलेलं काम त्यांनी नेम म्हणून उचललं आणि तुरुंगाची हवा पालटली.

ही पार्श्वभूमी लक्षात ठेवून १२ जून १९३२चं, सतराव्या अध्यायावरचं प्रवचन वाचा. सबंध पुस्तकातलं आपल्या विषयाला सगळ्यांत जवळचं हे प्रवचन. त्यातला विचार मी माझ्या शब्दांत सांगतो.

सुरुवातीला ते म्हणतात की वागणं बांधलेलं असलं की मन मोकळं राहतं. ऐकायला उलटं वाटतं. आपल्याला वाटतं की नेम म्हणजे बेडी. ते नदीचं उदाहरण देतात. नदीला दोन काठ असतात म्हणून ती वाहते. काठ नसतील तर पाणी चहूकडे पसरून जिरून जाईल. आता हे ऐकणारे कोण होते ते आठवा. खऱ्याखुऱ्या भिंतींच्या आत बसलेली माणसं. त्यांना काठ म्हणजे काय आणि बेडी म्हणजे काय यातला फरक कोणी वेगळा समजावून सांगायला नको होता.

मग ते पुढे विचारतात की हा नेम कशासाठी बांधायचा? त्यांचं उत्तर असं. माणूस जन्माला येतो तेव्हा तीन गोष्टी त्याला आयत्या मिळतात. भोवतीची सृष्टी, भोवतीचा समाज आणि स्वतःचं शरीर. तिन्ही आपण रोज वापरतो आणि रोज झिजवतो. जमिनीचा कस घेतो, पाणी-हवा मळवतो. आईबाप, गुरुजन, शेजारीपाजारी यांच्या श्रमांवर वाढतो. शरीर आणि मन वापरून थकवतो. ही झीज भरून काढणं हेच माणसाचं रोजचं काम. सृष्टीची झीज भरून काढणं म्हणजे यज्ञ, समाजाचं देणं फेडणं म्हणजे दान, आणि शरीराची, मनाची झीज दुरुस्त करणं म्हणजे तप. अशा तऱ्हेने यज्ञ, दान, तप हे तीन मोठे शब्द त्यांनी ओसरीवर आणून ठेवले. विहिरीचं पाणी वापरलं तर विहिरीभोवतीची घाण काढणं हा यज्ञ झाला. आणि दान हे कुणावर केलेले उपकार नव्हेत, ती कर्जफेड आहे.

यातला ‘झीज’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. कृतज्ञता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हात जोडून डोळे मिटलेला माणूस येतो. विनोबांच्या हिशेबात कृतज्ञ माणूस डोळे उघडे ठेवून असतो. माझ्यामुळे काय झिजलं हे तो बघतो आणि तेवढं रोज भरून काढतो. आईची तुळस, शेजारणीचं गरम जेवण, फणसाचे पहिले गरे हे सगळं या एका शब्दात बसतं. बडोद्याच्या स्वयंपाकघरात जे घडत होतं त्याचा सिद्धान्त धुळ्याच्या तुरुंगात मांडला गेला, असं मला वाटतं.

लिहून घेणारा हात

आता ते शब्द टिपणाऱ्या माणसाकडे वळू. पांडुरंग सदाशिव साने, जन्म २४ डिसेंबर १८९९, कोकणातलं पालगड. १९२४ ते १९३० अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलात शिक्षक. तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलं शाळेत गेली की हे त्यांच्या खोल्या झाडून ठेवायचे, अंथरुणं नीट घडी करून ठेवायचे, मळलेले कपडे दिसले तर धुऊन टाकायचे. कोणाला रागावणं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलं लाजून आपापली खोली आवरायला लागायची. शिवाय ते मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ काढायचे, हाताने लिहून. दैनिक म्हणजे रोजचं. शाळा, तपासायच्या वह्या, मुलांची आजारपणं, आणि त्यावर रोज हे लेखन.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. त्यांना त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवलं गेलं. तमिळ प्रांतात कैदेत पडलेल्या या मराठी माणसाने तमिळ शिकायला घेतलं आणि पुढे ‘कुरल’ मराठीत आणलं. ‘आंतरभारती’, म्हणजे भारतीय भाषांनी एकमेकींना ओळखावं हे त्यांचं स्वप्न, त्याला या कैदेचाही हातभार लागला असणार. परप्रांतात राहून तिथली भाषा शिकणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने हा प्रसंग आपला मानावा.

१९३२ मध्ये धुळ्याला त्यांनी अठराही प्रवचनं उतरवून घेतली. दुसऱ्याचं बोलणं इतक्या निष्ठेने लिहून घेणं हीही एक कृतज्ञताच. नंतर त्यांची रवानगी नाशिकच्या तुरुंगात झाली. तिथे ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवारी, त्यांनी स्वतःचं एक पुस्तक लिहायला घेतलं. दिवसा तुरुंगातलं काम, लेखन रात्री आणि पहाटे. १३ फेब्रुवारीला, सोमवारी पहाटे, ते पुरं झालं. पाच दिवसांत लिहिलेलं ते पुस्तक म्हणजे ‘श्यामची आई’.

त्यांची आई यशोदाबाई १९१७ मध्ये गेली होती. मुलगा शिक्षणासाठी दूर होता, शेवटी जवळ नव्हता. पुस्तक पाच दिवसांत लिहिलं हे खरं, पण ते साठत होतं पंधरा वर्षं. आणि त्यात आहे काय? बेचाळीस रात्री, आणि जवळजवळ प्रत्येक रात्री एखादी लहानशी सवय. आंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणारा मुलगा, आणि पायांना जपतोस तसं मनालाही जप असं सांगणारी आई. गरिबीत मान न सोडणं. मुक्या झाडांवर, गड्यांवर माया करणं. आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये त्यावर चित्रपट काढला आणि पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळालं, म्हणजे मराठी न येणाऱ्यांपर्यंतही ती आई पोचली.

दोन मुलगे, दोन आया. एकाने आईचं मागणं पुरं केलं, दुसऱ्याने आईलाच पुस्तकात आणलं. दोघांनीही तुरुंगाच्या सावलीत. बंदी लेखकाकडे तक्रारीला विषय काय कमी होते? तरी त्या भिंतीआड दोघांच्याही मनात पहिल्यांदा आलं ते आपल्याला काय मिळालंय हेच.

गावाचा झाडूवाला

सवय टिकते म्हणजे काय, याचं एक उदाहरण सांगून मग अवघड भागाकडे जाऊ. १९४६ नंतर विनोबा पवनारच्या आश्रमातून रोज सकाळी फावडं घेऊन जवळच्या सुरगावला जायचे आणि तिथले रस्ते, तिथली घाण साफ करायचे. रोज म्हणजे रोज. पावसाळ्यात एकदा वाटेतल्या नदीला पूर आला. पलीकडे जाणं शक्य नव्हतं. विनोबा काठापर्यंत गेले, पलीकडच्या माणसाला हाक मारून त्यांनी निरोप दिला की देवळातल्या देवाला जाऊन सांग, गावाचा झाडूवाला आला होता, पण नदी आडवी आली. आणि मग परत फिरले.

पूर आहे हे आश्रमातही कळलं असतं. तरी ते काठापर्यंत गेले. आपल्या हातात होतं तेवढं त्यांनी केलं, उरलं त्याचा निरोप पाठवला, आणि मनाला लावून न घेता परतले. एक दिवस चुकला म्हणून ज्यांचा नेमच सुटतो, त्या आपल्यासारख्यांना यातून घेण्यासारखं आहे. १९५१ मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदान सुरू झालं आणि हा माणूस त्यानंतर तेराहून अधिक वर्षं देशभर पायी चालला. ती ताकद एका दिवसात आलेली नव्हती.

अवघड प्रश्न

इथवर सगळं छान आहे, आणि इथेच थांबलो तर बहुतेक जण थांबतात तिथेच थांबल्यासारखं होईल. सवयी लावा, कृतज्ञ राहा, सुखी व्हाल. पण इतिहास सांगताना सोयीचं तेवढं सांगून चालत नाही.

साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःचं आयुष्य संपवलं. वयाच्या पन्नासाव्या वर्षी.

कृतज्ञतेचं मराठीतलं सगळ्यांत प्रेमळ पुस्तक लिहिणारा माणूस. आयुष्यभर मुलांची अंथरुणं आवरणारा. १९४७च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून दहा दिवस उपाशी राहणारा. गांधीजींच्या खुनानंतर एकवीस दिवसांचं उपोषण करणारा. १५ ऑगस्ट १९४८ला ‘साधना’ साप्ताहिक सुरू करणारा. सवयी होत्या, कृतज्ञता होती, प्रेम करणारी हजारो माणसं होती. तरीही.

त्यांच्या मनात त्या रात्री काय होतं ते त्यांनाच ठाऊक. त्यावर अंदाज बांधण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण दोन गोष्टी मला यातून शिकाव्याशा वाटतात. पहिली, कृतज्ञता हे दुःखावरचं औषध म्हणून विकू नये. ज्याच्या मनाला खोल अंधार ग्रासतो त्याला ‘तुझ्याकडे काय काय आहे ते बघ’ असं सांगणं म्हणजे त्याच्यावर अजून एक ओझं टाकणं, कारण काय काय आहे ते तो जाणून असतो. अशा वेळी जवळ बसणारं माणूस लागतं, डॉक्टर लागतो. त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी गोष्ट त्या १२ जूनच्या प्रवचनातूनच घेतो. झीज तीन प्रकारची होते आणि तिन्ही भरून काढायच्या असतात. जो माणूस सगळ्या जगाची झीज भरत होता त्याची झीज कोण भरत होतं? हा प्रश्न मी गुरुजींना विचारत नाही, आपल्याला विचारतो. घराघरांत एक असं माणूस असतं. सगळ्यांचं करणारं, कोणाकडे काही न मागणारं, सदा हसतमुख. त्याच्याबद्दल आपण म्हणतो, त्यांना काय, त्या आनंदीच असतात. मला वाटतं की कृतज्ञतेची खरी परीक्षा तिथे होते. आपल्यासाठी कोण झिजतंय हे वेळेवर दिसण्यात.

मग करायचं काय?

आजकाल कृतज्ञतेच्या वह्या मिळतात, मोबाइलवर ॲप मिळतात. त्यांची मी चेष्टा करणार नाही. २००३ मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलो या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, आभार मानाव्याशा वाटणाऱ्या पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या गटाने कटकटी लिहिल्या, तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या गोष्टी. आभार लिहिणाऱ्यांना आपल्या एकूण आयुष्याबद्दल इतरांपेक्षा बरं वाटत होतं. तेव्हा लिहिण्याचा उपयोग होतो. आठवड्यातून एकदासुद्धा पुरतं, आणि धुळ्याचे कैदीही आठवड्यातून एकदाच बसत होते.

पण वहीत लिहून ती मिटली की काम झालं असं मात्र धरू नका. आपल्या आयाआज्यांना वही माहीत नव्हती आणि तरी त्यांचा हिशेब पक्का होता. मी या अभ्यासाच्या निमित्ताने स्वतःला लावलेला नेम सांगतो, तुम्ही तुमचा लावा. रात्री झोपण्याआधी तीन प्रश्न. आज मी कोणती जागा वापरली आणि ती होती तशी ठेवली का? आज कोणाच्या श्रमावर माझा दिवस गेला आणि त्याला मी काय परत दिलं? आज माझं शरीर, माझं मन किती थकलं आणि मी त्याला विश्रांती दिली का? उत्तर बहुतेक दिवशी अपुरंच येतं. मग सकाळी एखादी छोटी गोष्ट करतो. जिन्यातला दिवा बंद करणं, भांडी घासणाऱ्या मावशींना बसवून चहा देणं, राहिलेला एक फोन करणं.

याने सुख मिळतं का? खरं सांगायचं तर सुख हा शब्द मला जरा मोठा वाटतो. एवढं नक्की होतं की देणं थोडं कमी झाल्यासारखं वाटतं आणि झोप बरी लागते. विनोबांनी आईचं मागणं पुरं केलं तेव्हा आई नव्हती. साने गुरुजींनी पालगडची आई सगळ्या महाराष्ट्राला दिली तेव्हा तीही नव्हती. दोघांनाही उशीर झाला होता, आणि उशीर होऊनही त्यांनी जे केलं त्यावर आपण अजून जगतोय. ज्यांची माणसं अजून आहेत त्यांना तर उशीरही झालेला नाही.

तेव्हा हे वाचून झालं की पुढचा भाग लगेच उघडू नका. ज्याची झीज आपल्याला दिसलीच नाही असं एखादं माणूस आठवा आणि आजच त्याच्यासाठी काहीतरी करा. जेवण असेल तर गरम असू द्या.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.